टर्बोचे दुखणे

खंडाळ्याचा घाट मोटारींची परीक्षा पहिल्यापासून घेत आला आहे. पूर्वी शिंग्रोबाला पैसा टाकून गाडी चढू लागायची, अर्ध्या वाटेत रेडिएटरमधून वाफा निघायच्या आणि घरची मंडळी पाण्याचा डबा घेऊन कडेला उभी राहायची. हल्लीच्या गाड्या असली नाटके करीत नाहीत. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंतची साडेपाचशे मीटरांहून अधिक चढण त्या गाणी ऐकवीत चढतात. ही करामत पुष्कळ अंशी टर्बोचार्जरची. आणि तो बिघडला म्हणजे मालकाच्या तोंडून जे निघते, ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नसते.

यंत्र तसे सोपे आहे. एका दांड्याच्या दोन टोकांना दोन चक्रे. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एक चक्र फिरवतो, आणि दुसरे चक्र बाहेरची हवा इंजिनात कोंबते. हवा जास्त, म्हणून इंधनही जास्त जळते, म्हणून लहान इंजिन मोठ्याचे काम करते. वाया जाणाऱ्या धुराला राबवून घ्यायची ही युक्ती आमच्या आजीला फार पसंत पडली असती. पण तिचे पेटंट 1905 साली आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियराने घेतले. 1918 साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचे इंजिन चौदा हजार फुटांवर, पाइक्स पीक या डोंगरावर, नेऊन टर्बोची परीक्षा पाहिली. तिथे हवा विरळ. म्हणजे घाटाशी त्याचे नाते जुनेच!

ही चक्रे मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतात, आणि तो दांडा तरंगतो तेलाच्या एका पातळ थरावर. तेल अडले की खेळ आटोपला.

आता आमच्या तळेगावची गोष्ट. आमचे शेजारी निवृत्त गृहस्थ. पत्नीला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी पुण्याला न्यावे लागते, म्हणून त्यांनी एक जुनी डिझेल गाडी घेतली. काही महिन्यांत तिच्यातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, चढणीवर दम जाऊ लागला, मागे निळसर धूर. एका मोठ्या वर्कशॉपने टर्बो बदलून पंचेचाळीस हजारांचे बिल हाती दिले. नवरात्राआधी बसवलेला तो टर्बो संक्रांत पाहायला उरला नाही. त्या दिवशी सोमाटणे फाट्याजवळ इंजिन आपोआप गर्जू लागले. किल्ली काढली तरी थांबेना, कारण ते डिझेलवर चाललेच नव्हते; फुटलेल्या टर्बोतून येणारे स्वतःचेच तेल जाळीत होते! वहिनी शेजारच्या सीटवर. गृहस्थांनी ब्रेक दाबून धरला, वरचा गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडी हिसका देऊन गप्प झाली. असल्या वेळी बॉनेट उघडून डोकावू नये, हे ज्याच्या घरी डिझेल गाडी आहे त्याने लक्षात ठेवावे.

वर्कशॉपचे म्हणणे पडले, "इंजिनच गेलंय, गाडी विकून टाका." विकून त्यांनी डायलिसिसला लोकलने जायचे काय?

शेवटी स्टेशनकडच्या एका मिस्त्रीला बोलावले. त्याने टर्बोकडे नंतर पाहिले, आधी त्याला तेल पुरवणारी बोटाएवढी नळी सोडवली आणि तोंडाने फुंकून पाहिली. हवा जाईना.

"काका, आत काजळी धरलीय. नवीन टर्बो आणखी तीन बसवा, तीनही मरतील."

इतके साधे होते ते. जुन्या मालकाने तेल वेळेवर बदलले नसणार. जळके तेल नळीत साचले, टर्बो उपाशी राहिला. पहिला मेला तेव्हा तो का मेला, हे कुणी विचारलेच नाही. माझ्या मते पंचेचाळीस हजार घेणाराचे ते पहिले कर्तव्य होते. निदान आपण तरी पैसे मोजण्यापूर्वी विचारावे, आणि काढलेला टर्बो परत मागून घ्यावा: पाती तुटली असतील तर आत काही गेले, दांडा निळा-काळा पडला असेल तर तेल मिळाले नाही. पुष्कळदा तर टर्बो धडधाकट असतो, आणि हवेचा रबरी पाइप फाटलेला असतो. त्यानेही दम जातो, पण धूर काळा येतो.

मिस्त्रीने नळी नवी घातली, तेल आणि फिल्टर बदलले, तेल परत नेणारा पाइप साफ केला. इंटरकूलरमध्ये साचलेले तेलही काढले. ते राहिले असते तर इंजिनाने पुन्हा ओढून घेतले असते. टर्बोचा फक्त आतला गाभा बदलला, बाहेरचे कवच जुनेच ठेवले. सगळे मिळून पहिल्या बिलाच्या निम्म्याहून कमी. वर एक पथ्य सांगितले: घाट चढून आलात, की लोणावळ्याला चिक्कीच्या दुकानासमोर लगेच इंजिन बंद करायचे नाही. एक-दोन मिनिटे नुसते चालू ठेवायचे, म्हणजे लालबुंद टर्बो थंड होतो आणि आतले तेल जळून नळीत बसत नाही.

शेजाऱ्यांचे घाटात जाणे क्वचितच. पण पुण्याहून परतल्यावरही ते हे पथ्य पाळतात. गाडी फाटकाशी घुरघुरत असते आणि वहिनी आत बसून साठपर्यंत आकडे मोजतात, मोठ्याने.