थांबलेल्या विमानाची शेपटी

१० सप्टेंबर २०२४ रोजी अटलांटा विमानतळावर टोकियोला निघालेल्या डेल्टाच्या ए-३५० विमानाच्या पंखाने शेजारच्या टॅक्सीवेवर धावपट्टीसाठी थांबलेल्या सीआरजे-९०० ची शेपटी पार उखडून टाकली. जीवितहानी झाली नाही, त्यामुळे बातमी लवकरच मागे पडली. आपल्या क्षेत्रात मात्र ती मागे पडता कामा नये.

तिच्या शेजारी आणखी तीन घटना ठेवून पाहा. एप्रिल २०११, न्यूयॉर्कचे केनेडी विमानतळ: एअर फ्रान्सच्या ए-३८० चा पंख कोमएअरच्या सीआरजे-७०० च्या शेपटीला असा लागला की ते छोटे विमान प्रवाशांसकट जागच्या जागी गरकन फिरले. मार्च २०२४, कोलकाता: इंडिगोच्या विमानाचा पंख एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानाच्या पंखाला घासला. फेब्रुवारी २०२५, सिएटल: जपान एअरलाइन्सच्या ७८७ चा पंख डेल्टाच्या ७३७ च्या शेपटीत घुसला. या चारही ठिकाणी मार बसलेले विमान उभे होते.

अशा वेळी चौकशीचा रोख चालत्या विमानाच्या कॅप्टनवर असतो आणि तो असायलाच हवा. ग्राउंड कंट्रोलने टॅक्सीची परवानगी दिली म्हणजे पंखाचे टोक सुटणार याची हमी दिली, असे होत नाही. पण त्या कॅप्टनला दिसते काय, हेही पाहिले पाहिजे. ७७७, ७४७ किंवा ए-३८० च्या कॉकपिटमधून पंखाचे टोक दिसतच नाही. खिडकी उघडून डोके बाहेर काढले तरच दिसते. म्हणूनच अमेरिकेच्या एनटीएसबीने २०१२ मध्ये मोठ्या विमानांवर कॅमेऱ्यासारखी यंत्रणा बसवण्याची शिफारस केली. तोवर कॅप्टनचा भरवसा पिवळ्या रेषेवर. नाकाचे चाक रेषेवर ठेवले की दोन्ही बाजूंना पुरेशी जागा आहे, असे तो धरून चालतो. हे गणित जुळते, पण दुसरे विमान आपल्या होल्डिंग पॉइंटपर्यंत किंवा बेमध्ये पूर्ण पोहोचलेले असेल तरच. ते त्या जागेच्या अलीकडेच थांबले असेल तर त्याची शेपटी मागच्या टॅक्सीवेच्या हद्दीत राहते. रात्री, पावसात, दिव्यांच्या गर्दीत, ती नेमकी किती आत आहे हे तिरक्या कोनातून सांगणे अनुभवी डोळ्यालाही जमत नाही.

आणि विमान अलीकडे थांबते कशामुळे? बहुतेकदा कारण साधे असते. बेमध्ये ट्रॉली राहिली आहे, मार्शलर अजून आलेला नाही, आधीच्या विमानाचा पुशबॅक लांबला आहे. रॅम्पवरच्या माणसाला ही पाच मिनिटांची दिरंगाई वाटते. त्याच पाच मिनिटांत मागून एखादे मोठे विमान येत असते. त्यामुळे पंख घासण्याचा प्रश्न एकट्या वैमानिकांचा आहे, हे आम्हाला मान्य नाही.

थांबलेल्या विमानाच्या क्रूकडे आमची ठाम मागणी आहे. आपण पूर्ण आत गेलेलो नाही, शेपटी टॅक्सीवेवर आहे, हे कोणी विचारण्याची वाट न पाहता ग्राउंडला सांगा. फ्रीक्वेन्सी गजबजलेली असली तरी सांगा. कंट्रोलरने ते मागून येणाऱ्याच्या कानावर घालावे. आणि मागून येणाऱ्याला तसूभर शंका आली तर त्याने ब्रेक लावावेत, विंग वॉकर मागवावा. त्यापायी उड्डाणाला उशीर झाला तर कंपनीने त्याला जाब विचारू नये.

कोलकात्याच्या घटनेनंतर डीजीसीएने इंडिगोच्या दोन्ही वैमानिकांना ड्युटीवरून उतरवले. चौकशी होईपर्यंत ते समजण्यासारखे आहे. पण पायलट बदलल्याने टॅक्सीवेचा तो कोपरा बदलत नाही. विमानतळाच्या नकाशावर हॉट स्पॉट दाखवताना आपले लक्ष धावपट्टीत चुकून शिरण्याच्या जागांवर असते. जिथे विमाने शेपटी बाहेर ठेवून ताटकळतात, ती वळणे आणि बेंची तोंडेही त्यावर यायला हवीत. ती कोणती, हे रोज तिथून जाणाऱ्या टगचालकाला आणि मार्शलरला तोंडपाठ असते. रनवे सेफ्टी टीमच्या पुढच्या बैठकीत त्यांना खुर्ची द्या.