जुन्या आवृत्तीचा निरोप

गेल्या सत्रात आमच्या संगणक-कक्षात एक लहानसा प्रसंग घडला. दहावीतील एका विद्यार्थिनीने वर्गाच्या हजेरीचा हिशेब करणारी आज्ञावली 'पायथन' या संगणकभाषेत घरी लिहिली होती. घरी ती बिनचूक चालली. शाळेतील यंत्राने मात्र 'वाक्यरचना चुकली' असे सांगून ती नाकारली. तिने योजलेला 'मॅच' हा प्रयोग पायथनमध्ये २०२१ साली, ३.१० या आवृत्तीत आला. आणि आमची यंत्रे पडली विंडोज ७ ची. त्यांच्यावर ३.८ च्या पुढची पायथन बसतच नाही. "सर, मग माझे चुकले काय?" या तिच्या प्रश्नाला मजजवळ तत्काळ उत्तर नव्हते. मी कलाशाखेचा पदवीधर. परंतु प्रश्न भाषेचा होता, म्हणून त्याच्या मागे लागलो.

पायथनची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये निघाली. दुसरीत ३ ला २ ने भागले असता उत्तर १ येई; तिसरीत ते १.५ येते. 'मराठी' या शब्दाची लांबी विचारली, तर दुसरी साधारणतः १५ सांगे, कारण ती अक्षरे न मोजता बाइट मोजी. तिसरी ५ सांगते. (आपल्या व्याकरणाने अक्षरे तीनच, हा भाग निराळा!) सुधारणा हिताचीच होती, विशेषतः आपल्यासारख्या लिप्यांच्या. तथापि जुनी लेखने नव्या आवृत्तीत जशीच्या तशी चालेनात. मी घरी कोकणी बोलतो व शाळेत मराठी शिकवितो. एखादा शब्द इकडचा तिकडे गेला तरी ऐकणारा सांभाळून घेतो. यंत्राला हे औदार्य नाही. एक कंस राहिला की ते अडून बसते.

म्हणून कित्येक वर्षे दोन्ही आवृत्त्या सांभाळाव्या लागल्या. दोहोंत चालेल असे लिहिता यावे यासाठी 'सिक्स' नावाचे साधनही निघाले. नावाचा उगम काय, तर बे त्रिक सहा! पण प्रत्येक दुरुस्ती दोनदा तपासावयाची, आणि नव्या भाषेतील सोयी हाताशी असून वापरावयाच्या नाहीत, हा भार वाहणारे बहुतेक लोक विनावेतन काम करणारे. दुसरीचा निरोप आधी २०१५ साली ठरला होता. तो २०२० पर्यंत पुढे ढकलला. जँगोने २०१७ साली व नमपायने २०१९ साली आपल्या नव्या आवृत्त्यांतून तिला वगळले, आणि १ जानेवारी २०२० रोजी तिचा अधिकृत सांभाळ थांबला. अकरा वर्षांची मुदत मिळूनही ज्यांनी कुरकुर केली, त्यांच्याविषयी मला फारशी सहानुभूती वाटत नाही. फुकट जेवणाऱ्याने वाढप्याला रात्रभर उभे ठेवू नये.

माझी तक्रार निराळी आहे. ३.९ पासून पायथनची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरात निघते व प्रत्येकीचा सांभाळ पाच वर्षे होतो; शास्त्रीय गणितासाठी लिहिलेली अनेक साधने तर तीन वर्षांतच जुनीला सोडतात. मोठ्या कंपनीला हा वेग झेपतो. जिथे यंत्रे एकदा आली की दहा वर्षे बदलत नाहीत, त्या शाळेने काय करावे? जुनीला सोडणाऱ्यांनी खुशाल सोडावे. पण सोडताना एक ओळ लिहावी. 'हे साधन अमुक आवृत्तीपासून पुढे चालते' अशी नोंद साधनासोबत असली, तर ते बसविणारा 'पिप' ती वाचतो आणि जुन्या यंत्राला त्याच्याजोगे शेवटचे रूप आपण होऊन देतो. ही सोय २०१६ पासून आहे. ती ओळ लिहावयाची राहिली की नवे रूप जुन्या यंत्रावर उतरते आणि मोडून पडते; मग पोरांना वाटते, आपणच चुकलो. हा आळस मला क्षम्य वाटत नाही.

त्या मुलीने 'मॅच' काढून 'इफ' व 'एलिफ' घातले. आता हजेरी शाळेतही निघते. आज्ञावलीच्या माथ्यावर तिने न सांगता एक टीप लिहिली आहे: 'पायथन ३.८ वर चालवून पाहिली.'