सगळंच ॲलर्जीवर ढकलू नका!

शिंका आल्या, ॲलर्जी. अंगावर गांध्या उठल्या, ॲलर्जी. हाताला मुंग्या आल्या, एका डोळ्यानं धूसर दिसायला लागलं, तरी ‘कशाची तरी ॲलर्जी असेल गं’ म्हणून आपण मोकळ्या होतो. त्यातच ‘ॲलर्जी असलेल्यांना मल्टिपल स्क्लेरॉसिसचा धोका’ अशी बातमी कानावर आली की घाबरगुंडी उडते. म्हणून मैत्रिणींनो, हा विषय जरा नीट समजून घेऊ या.

रोगप्रतिकारशक्ती म्हणजे आपल्या शरीराची राखण. ॲलर्जीत ती धूळ, परागकण, शेंगदाणा अशा निरुपद्रवी गोष्टींवर धावून जाते. मल्टिपल स्क्लेरॉसिस म्हणजे एमएसमध्ये ती घरच्यांवरच उलटते. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंवरचं ‘मायलिन’ नावाचं आवरण ती खराब करते आणि निरोप पोचेनासे होतात. हा आजार बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो आणि पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट बायकांना होतो.

मग दोन्हींचं नातं काय? १९८९ साली ब्रिटनमध्ये डेव्हिड स्ट्रॅचन यांनी दाखवलं, की ज्यांना मोठी भावंडं जास्त, त्या मुलांत परागकणांची ॲलर्जी कमी. फार स्वच्छ, छोट्या कुटुंबात वाढल्यानं प्रतिकारशक्तीला वळण लागत नाही, हा विचार त्यातून पुढं आला. काहींना तर वाटायचं, की ॲलर्जी आणि एमएस म्हणजे तराजूची दोन पारडी. एक जड झालं की दुसरं हलकं. पण अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर ना ॲलर्जीमुळं एमएस होतो असं ठरलं, ना ती एमएसपासून वाचवते असं.

२०१८ मध्ये बोस्टनच्या डॉ. तनुजा चिटणीस आणि सहकाऱ्यांनी एमएसच्या १३४९ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांना अन्नाची ॲलर्जी होती, त्यांना आजाराचे झटके जास्त आल्याचं दिसलं. धूळ किंवा औषधांच्या ॲलर्जीत तसा ठळक फरक नव्हता. लक्षात घ्या, ही सगळी आधीच आजारी असलेली माणसं होती. त्यामुळं या बातमीवरून निरोगी मुलीचं दूध, अंडी, शेंगदाणे बंद करण्यात काहीच अर्थ नाही. भक्कम पुरावा आहे तो वेगळाच. २०२२ मध्ये अमेरिकी सैनिकांच्या मोठ्या अभ्यासात एपस्टाइन-बार या विषाणूच्या संसर्गानंतर एमएसचा धोका ३२ पट वाढलेला आढळला. अर्थात हा विषाणू बहुतेकांच्या अंगात असतो आणि एमएस फार थोड्यांना होतो.

‘हा गोऱ्यांचा आजार, आपल्याकडं कुठला?’ हाही गैरसमजच. मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनी १९९० मध्येच पारशी समाजात तो इतर भारतीयांपेक्षा जास्त असल्याचं मांडलं होतं. इतर समाजांतही रुग्ण आहेत.

आपल्या कोल्हापूर भागात गुऱ्हाळाचा धूर, मळणीची धूळ यानं शिंका येणारच. पण एका डोळ्याची नजर अंधुक होऊन डोळा हलवताना दुखणं, हातापायाला दिवसेंदिवस बधिरपणा, चालताना तोल जाणं, कढत पाण्यानं आंघोळ केल्यावर त्रास वाढणं, ही ॲलर्जीची लक्षणं नव्हेत. त्रास आपोआप कमी होतो, मग ‘अशक्तपणा होता, गेला’ म्हणून बाई परत कामाला जुंपली जाते. तिथंच वेळ हातचा जातो. लवकर निदान झालं तर झटके कमी करणारी औषधं आज आहेत. ती महाग आहेत, हे खरं. तरीही पहिली पायरी मेंदूविकारतज्ज्ञाकडं जाणं आणि ते सांगतील तर एमआरआय करणं, हीच.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एमएसचाही समावेश आहे. निकषात बसल्यास प्रमाणपत्र आणि सवलती मिळतात, हे घरोघरी कळायला हवं. व्हीलचेअरवरचं माणूसही शिकतं, कमावतं, हे नसीमा हुरजूक यांच्या ‘हेल्पर्स’नं कोल्हापूरला कधीच दाखवून दिलंय. आता बाईचं दुखणं वेळेवर ऐकून घ्यायला घरानंही शिकायला हवं.