धरमकाटा आणि उडीचे माप

दिघ्याहून ठाणे-बेलापूर रस्त्याला लागले की धरमकाट्यापाशी मालमोटारींची रांग दिसते. त्या काट्याची दरसाल वैधमापन शास्त्राच्या निरीक्षकाने पडताळणी करून शिक्का मारलेला असल्याखेरीज त्याच्या पावतीवर ना कारखानदार विसंबतो, ना गाडीमालक. पण कबड्डीचे वेड असलेल्या याच आगरी-कोळी पट्ट्यातील एखाद्या पोराच्या पायांतील जोर मोजण्यासाठी, पिशवीत घालून मैदानावर नेता येणारा बलमापक फलक, म्हणजे शिक्षकांच्या तोंडची ‘फोर्स प्लेट’, कोणी आणली, तर तिच्याकडे शिक्का मागण्याचे कोणाच्याच मनात येत नाही. तिच्यावर माल तोलला जात नाही, हे खरे. निवड मात्र तोलली जाऊ शकते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसला एतियेन-ज्यूल मारे याने हवेच्या दाबावर चालणारा असा फलक सिद्ध केला, तेव्हापासून ही यंत्रे पुष्कळ सुधारली. आणि आजचे चांगल्या प्रतीचे सुटे फलक प्रयोगशाळेच्या जमिनीत पक्क्या बसवलेल्या फलकांशी साध्या उडीच्या मापात बव्हंशी जुळतात, हे मान्य केले पाहिजे. माझा संशय यंत्रावर कमी आणि त्याच्या वापरावर अधिक आहे.

उडीची उंची काढण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत. पहिलीत पाय अधांतरी राहिल्याचा वेळ घेतात. अर्धा सेकंद अधांतरी राहणाऱ्याची उडी सुमारे 30.6 सेंटिमीटर भरते. परंतु त्याच गड्याने उतरताना गुडघे दुमडून जमिनीला पाय लावण्यास सेकंदाचे दोन शतांश उशीर केला, तर फलक बिनदिक्कत 33 सेंटिमीटर दाखवतो, आणि यात फलकाचा तिळमात्र अपराध नसतो. दुसरी रीत अधिक शास्त्रशुद्ध: उडीपूर्वी खेळाडूला निश्चल उभे करून त्याचे वजन घ्यावयाचे, आणि त्या वजनाहून अधिक पडलेल्या जोराच्या हिशेबावरून जमीन सोडतानाचा वेग काढावयाचा. पण येथे सत्तर किलोच्या खेळाडूच्या वजनात चुळबुळीमुळे अर्ध्या किलोची तफावत पडली, तर उंचीत सुमारे दीड सेंटिमीटरची गफलत होते. आणि रांगेत मागे पाचपन्नास पोरे उभी असता निश्चल उभे राहण्याइतकी उसंत देतो कोण?

त्यातही अचूकता निराळी आणि विश्वसनीयता निराळी. जो काटा नेहमी दोन किलो जास्त दाखवतो तो खोटा असला तरी इमानी असतो, त्याची वजावट करता येते; जो कधी जास्त, कधी कमी दाखवतो त्याचे काय करावे? खडबडीत फरशीवर डुगडुगणारा किंवा मऊ सतरंजीवर मांडलेला फलक या दुसऱ्या जातीचा होतो. एकाच पोराच्या एकाच सकाळच्या उड्यांत दोन सेंटिमीटरचे अंतर पडत असेल, तर महिन्याभराने वाढलेल्या एका सेंटिमीटरला प्रगती म्हणून दफ्तरी नोंदवणे हा उतावीळपणा होय.

म्हणून फलक वापरण्यापूर्वी तो पारखून घेण्यासाठी शिक्षकाने दिघ्यातल्या वाण्याकडून शिक्क्याचे वीस किलोचे वजन घटकाभर मागून आणावे आणि फलकाच्या मध्यावर व चारी कोपऱ्यांवर पाळीपाळीने ठेवून पाहावे. पाची जागी आकडा एकच आला पाहिजे. तो वीसऐवजी 19.95 आला, तर मात्र वाण्यावर आळ घेऊ नये. फलक मुळात न्यूटनमध्ये जोर मोजतो आणि त्याची गणकप्रणाली बहुधा 9.81 ने भागून किलो सांगते. विषुववृत्ताच्या अधिक जवळ असलेल्या आपल्या मुंबई परिसरात गुरुत्वाचा आकडा 9.786 च्या आसपास आहे.

— मापाडी