रक्ताचे गुपित, आडनावाचे मौन

माईक ली या ब्रिटिश दिग्दर्शकाच्या ‘सीक्रेट्स अँड लाइज’ला १९९६ साली कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. कथा साधी आहे. दत्तक गेलेली, डोळे तपासण्याचा व्यवसाय करणारी कृष्णवर्णीय हॉर्टेन्स आपल्या जन्मदात्रीचा शोध घेते. ती निघते पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात राबणारी गोरी सिंथिया. वर्ण आणि वर्ग यांची नेहमीची उतरंड येथे उलटी झाली आहे. लेक सुस्थितीत आहे, आई हलाखीत.

सिंथिया लेकीला घरी नेते ती कारखान्यातली मैत्रीण म्हणून. वाढदिवसाच्या जेवणात सत्य फुटते, रडारड होते, पण घर मोडत नाही. ली यांनी वर्णद्वेषाला अंगणाबाहेरच ठेवले, हॉर्टेन्सचा बाप कोण हे सांगण्याचेही टाळले, असा आक्षेप घेता येईल आणि तो गैर नाही. तरीही एक गोष्ट त्यांनी चोख केली. वर्णाचा प्रश्न त्यांनी दोन घरांच्या मध्ये न ठेवता एकाच घरात, एकाच रक्तात आणून बसवला.

आपल्याकडे हे का घडत नाही? जातीला रंग नसतो, हे एक उत्तर. चेहरा जे सांगत नाही, ते आडनाव सांगते. माजरीसारख्या कोळशाच्या गावात हे रोज दिसते. १९७३ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि नोकरीसाठी प्रांतोप्रांतीची माणसे येथे शेजारी झाली. क्वार्टर मिळते ते पदानुसार, जातीनुसार नव्हे. पण नव्या शेजाऱ्याला आडनाव विचारून समाधान झाले नाही की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : मूळ गाव कोणते? चौकशी आपुलकीची दिसते; असते मात्र ती प्रतवारीची.

योगायोग असा, की १९५९ या एकाच वर्षी बेसिल डिअर्डन यांचा ‘सफायर’ आणि बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ हे दोन्ही चित्रपट आले. ‘सफायर’मधील तरुणी गोरी म्हणून वावरत होती, तिचा खून करते ती नियोजित वराची बहीण, म्हणजे एका अब्रूदार घरातली स्त्री. ‘सुजाता’मध्ये खून नाही. ब्राह्मण कुटुंबात वाढलेली अस्पृश्य मुलगी, आपली नूतन, घरची ‘मुलगी’ नसून ‘मुलीसारखी’ असते. ही एवढी ‘सारखी’ पुसण्यासाठी तिला अखेरीस मरणाच्या दारातल्या पालनकर्तीला आपले रक्त द्यावे लागते. हॉर्टेन्सला असे काहीच द्यावे लागत नाही. स्वीकाराची किंमत कोणी मोजायची, या प्रश्नावर आपला सहृदय चित्रपटही किती सवर्ण होता, हे येथे उघड होते.

मराठीत जब्बार पटेलांनी ‘मुक्ता’त (१९९४) अमेरिकेतला कृष्णवर्णीय मित्र आणि दलित कवी-कार्यकर्ता यांना एकाच कथेत आणून वर्ण आणि जात समोरासमोर ठेवण्याचे धाडस केले. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने (२०१३) वेशीबाहेरचे घर आतून दाखवले. ‘सैराट’मध्ये (२०१६) माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात, आर्ची त्यांच्यासाठी चहा ठेवते, आणि पुढे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. लीच्या जेवणाच्या टेबलाशेजारी हा चहा ठेवून पाहावा. तेथे सत्य बोलल्याने नाते वाचते. येथे जात कोणाचीच लपलेली नाही, गावाला सगळे ठाऊक आहे, म्हणूनच नाते मारले जाते.

मात्र एक घर अजून बंद आहे, आणि ते पाटलाचे किंवा ब्राह्मणाचे, आपल्यापैकी अनेकांचे आहे. ज्या आत्याचे नाव वंशावळीत लिहिले गेले नाही, ज्या काकाचा फोटो भिंतीवरून उतरला, त्यांची कथा कोण सांगणार? ती दलित दिग्दर्शकाने सांगावी ही अपेक्षा म्हणजे पुन्हा ‘सुजाता’कडून रक्त मागणे होय. ज्यांच्या भिंतीवर त्या फोटोची रिकामी चौकट आहे, कॅमेरा त्यांनीच आपल्या घरात न्यायला हवा.