केमोच्या दिवसांत ताप आला तर सकाळची वाट पाहू नका

मागच्या महिन्यात वस्तीतल्या एका ताईला भेटायला गेले. दुसरी केमो होऊन 9 दिवस झाले होते. दहा बाय बाराच्या खोलीत अकरा बायका, एकीच्या कडेवर शेंबडं पोर. सगळ्या मायेनेच आलेल्या. बारावी मी, जिला तरी हे कळायला हवं होतं.

केमोचं औषध झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारतं. त्यात कॅन्सरच्या पेशी मरतात, तशा हाडांच्या मगजात तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशीही कमी होतात. बहुतेक औषधांत डोसनंतर 7 ते 14 दिवसांच्या दरम्यान त्या सगळ्यात खाली येतात. म्हणजे नेमकं तेव्हा, जेव्हा उलट्या थांबलेल्या असतात आणि आपण म्हणतो, "आता बरी दिसते."

रक्ताचा रिपोर्ट हातात आला की नुसता एकूण आकडा बघू नका. त्यात न्यूट्रोफिल किती टक्के आहेत ते बघा. जंतूंशी आधी लढतात त्या याच पेशी. एकूण पांढऱ्या पेशी 1800 आणि न्यूट्रोफिल 25 टक्के असतील, तर लढणाऱ्या पेशी फक्त 450. 500 च्या खाली गेलं की धोका मोठा.

अशा वेळी 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप म्हणजे साधा ताप नव्हे. पेशीच नसल्याने पू होत नाही, सूज येत नाही, जखम लाल दिसत नाही. कधी कधी ताप हीच एकमेव खूण असते. ती आपण तापाची गोळी देऊन पुसून टाकतो. मी वॉर्डात असताना एक बाई अशीच आली. रात्री थंडी वाजून ताप भरला, घरच्यांनी गोळी दिली, घाम येऊन ताप उतरला, सगळे निवांत झोपले. सकाळी आणली तेव्हा बीपी लागत नव्हतं. दोन दिवसांत गेली. घरच्यांना मी दोष देत नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत दोन ओळी होत्या, त्या वाचून दाखवायला आम्हा नर्सेसनाही वेळ नव्हता.

म्हणून माझं म्हणणं असं की केमो घेऊन घरी जाणाऱ्या प्रत्येकाला दवाखान्याने मराठीत चिठ्ठी द्यावी: ताप आला तर कुठे जायचं, कोणत्या नंबरवर फोन करायचा. आणि ताप घेऊन आलेल्याला ओपीडीच्या रांगेत उभं करू नये. कॅज्युअल्टीत "माझी केमो चालू आहे, ताप आलाय" एवढं सांगितलं की पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. हा आपला हक्क आहे, मोठ्याने मागा. केमोची फाइल सोबत न्या. ताप नसला तरी हुडहुडी भरली, धाप लागली, तरी निघा.

घरी काय करायचं? थर्मामीटर आणा, शंभर-दोनशे रुपयांत मिळतं. सार्वजनिक संडासातून आल्यावर साबणाने हात धुवा, पाणी उकळून प्या. अंडं, मटण "गरम पडतं" म्हणून बंद करू नका, फक्त नीट शिजवलेलं द्या. शिळं आणि गाड्यावरचं नको. अंड्याने पेशी लगेच वाढत नाहीत, पण अंगात ताकद राहते. पपईच्या पानांचा रस आणि गुळवेलीचा काढा मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. गुळवेलीने काहींच्या लिव्हरला इजा झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलंय. पेशी वाढवायचं इंजेक्शन वेगळं असतं, ते सगळ्यांना लागत नाही. घेतल्यावर कंबर, हाडं दुखली तर घाबरू नका, डॉक्टरांना सांगा.

त्या ताईच्या दारावर आता तिच्या मुलाने वहीचं पान चिकटवलंय: "आईचे पेशी कमीचे दिवस. बाहेरूनच बोला." दोन शेजारणी रुसल्या. मी परवा उंबऱ्याबाहेर बसूनच तिच्याशी बोलले.