उन्हाळी, खाज आणि यकृत : महापालिकेच्या आरोग्य खात्यास अनावृत पत्र

प्रति,
आरोग्य खाते, बृहन्मुंबई महानगरपालिका



उन्हाळी लागली म्हणून घरोघरी धने-जिऱ्याच्या पाण्यावर भागवला जाणारा मूत्रमार्गाचा संसर्ग वरचेवर होत असेल, तर क्वचित त्याचा धागा यकृताच्या स्वयंप्रतिकार आजारापर्यंत, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटल्याने होणाऱ्या आजारापर्यंत पोहोचू शकतो, याकडे आरोग्य खात्याचे लक्ष वेधणे अगत्याचे आहे.

प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस या अशाच एका आजारात यकृतातील बारीक पित्तनलिका हळूहळू नष्ट होतात, पित्त साचते आणि कावीळ दिसण्याच्या कितीतरी आधी अंगाला खाज सुटते व थकवा येतो. रुग्णांत बहुसंख्य स्त्रिया असतात, त्याही बहुधा चाळिशीनंतरच्या. अमेरिकेत १,०३२ रुग्णांची तुलना निरोगी व्यक्तींशी करणाऱ्या २००५ च्या अभ्यासात रुग्णांमध्ये पूर्वीच्या मूत्रसंसर्गाचे प्रमाण अधिक आढळले. मूत्रसंसर्गाला बहुतेकदा कारण ठरणाऱ्या ई. कोलाय जंतूतील एक प्रथिन माणसाच्या पेशींतील ऊर्जाकेंद्रांच्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांच्या, प्रथिनाशी मिळतेजुळते असल्याने जंतूविरुद्ध घडलेली प्रतिपिंडे स्वकीयांवरही चालून जात असावीत, अशी यामागची उपपत्ती आहे. ती अद्याप सिद्ध झालेली नाही आणि हा आजार विरळ आहे, त्यामुळे उन्हाळीच्या प्रत्येक रुग्णाला घाबरवणे सर्वथा गैर ठरेल.

परंतु दादरच्या फुलबाजारात पहाटेपासून बसणारी विक्रेती स्वच्छतागृह जवळ नाही म्हणून घोटभर पाणीही टाळते, आणि लालबाग-गिरगावच्या जुन्या चाळींत मजल्याच्या टोकाला असलेल्या सामाईक संडासाकडे रात्री जाणे नको म्हणून बायका लघवी तुंबवून धरतात. अशा सवयींनी संसर्गाला आयताच वाव मिळतो. स्त्रियांसाठी मोफत व स्वच्छ मुताऱ्यांची मागणी ‘राइट टू पी’ मोहिमेने २०११ पासून याच शहरात लावून धरली आहे, आणि ती सोयीची नव्हे, आरोग्याची मागणी आहे.

म्हणून महापालिकेच्या ‘आपला दवाखाना’ केंद्रांत वारंवार उन्हाळीची तक्रार घेऊन येणाऱ्या चाळिशीपुढील स्त्रीला खाज किंवा न हटणारा थकवा आहे का, एवढे विचारले जावे. असल्यास रक्तातील अल्कलाइन फॉस्फटेज, म्हणजे पित्त साचल्यावर वाढणारे विकर, तपासावे; ते वाढलेले आढळल्यास तिला परळच्या के.ई.एम. रुग्णालयासारख्या ठिकाणी मायटोकॉन्ड्रियाविरोधी प्रतिपिंडांच्या तपासणीसाठी पाठवावे. वेळीच सुरू केलेल्या अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्यांनी बहुतेक रुग्णांत हा आजार मंदावतो, तेव्हा हे दोन प्रश्न केसपेपरवर छापण्याचा आदेश खात्याने काढावा, ही आग्रहाची विनंती.